तेच की तसंच

५ जानेवारी

प्रिय मावशी,

फोन केला असता तर तू म्हणाली असतीस, "कागदावर लिहून पाठव, म्हणजे काय म्हणायचंय ते तुझं तुलाच कळेल." म्हणून आधीच लिहिते आहे. सोबतच्या जाड पाकिटातले कागद जाहिरात समजून फेकू नकोस.

तुमची कापडछपाईची गिरणी बंद पडली तेव्हा तिथले सगळे नमुने आमच्या कंपनीनं उचलले, हे तुला माहीत आहेच. आम्ही पडदे आणि भिंतीला लावायचे कागद करतो, त्यामुळे नक्ष्या सतत लागतात. गेल्या वर्षी प्रत्येक नमुन्याचा फोटो काढून झाला. आता एवढ्या ढिगातून हवा तो फोटो शोधायचा कसा? नमुन्यांना धड नावं नाहीत. असली तर तुमच्या वेळची, "म्हातारीचे केस" आणि "मोडकी छत्री" असली, ज्यांचा आम्हाला उपयोग शून्य. म्हणून शब्दांनी न शोधता चित्रानंच शोधायचं. संगणकाला एक चित्र दाखवायचं आणि म्हणायचं, यासारखी आण.

हे करायच्या पद्धती अनेक आहेत, आणि त्यांची तुलना करणं हे माझं काम. एक पद्धत नुसते रंग बघते, कुठला किती आहे ते. दुसरी पोत बघते, रेघा कुठल्या दिशेनं जातात, ठिपके किती दाट आहेत. तिसरी आकारांच्या कडा बघते. चौथी नवी आहे. तिला जगभरचे असंख्य फोटो दाखवून शिकवलंय. ती नक्की काय बघते हे तिला शिकवणाऱ्यांनाही नीट सांगता येत नाही. आमच्या विभागप्रमुखांचा जीव हिच्यावर जडला आहे. त्यांना आम्ही पाठीमागे घाईसाहेब म्हणतो. का ते वेगळं सांगायला नको.

कोण जिंकलं हे ठरवायला जाणकार माणूस लागतो. प्रत्येक कागदावर वर एक चित्र आहे आणि खाली चौघींनी शोधून आणलेली चित्रं एकत्र मिसळलेली आहेत. प्रत्येकाखाली 'सारखे आहे' किंवा 'नाही' यांपैकी एकावर खूण कर. कुठलं चित्र कुणी आणलं ते मुद्दाम लिहिलेलं नाही, नाहीतर तू बाजू घेशील. नमुनेखाना तू सांभाळलास, तेव्हा तुझ्याहून जाणकार कुठून आणू?

आई बरी आहे. तुझ्यावर रागावली आहे, पण कशावरून ते विसरली आहे.

तुझी,
चिंगी


१४ जानेवारी

चिंगे,

कागद परत पाठवते आहे. एकही खूण केलेली नाही.

"सारखे आहे" म्हणजे काय? तेच आहे, की तसंच आहे? एवढं शिकलीस आणि प्रश्न विचारायच्या आधी प्रश्न काय आहे ते बघितलं नाहीस.

नीट वाच. कापडावर रंग उतरतो तो जाळीच्या चौकटीतून. एकाच जाळीतून लाल उतरव, निळा उतरव, काळ्या कापडावर पांढरा उतरव. दिसायला कितीही निराळं झालं तरी ते तेच. दुसऱ्या कुणी आपलं कापड समोर ठेवून स्वतःची जाळी बनवून घेतली, तर रंगासकट जुळलं तरी ते तसंच. तेच असतं ते आपलं. तसंच म्हणजे कुणीतरी आपलं उचललेलं, नाहीतर आपण कुणाचं तरी. नमुनेखान्यात दोन्हींची कपाटं वेगळी होती, आणि एकातलं दुसऱ्यात गेलं तर मालकांपर्यंत बोंब जायची.

एक नवी मुलगी एकदा म्हणाली, "दोन्ही सारखीच तर आहेत की, बाई." मी म्हटलं, "तू आणि तुझी जाऊ, दोघी एकाच घरच्या सुना. मग तिचा नवरा तुला चालेल का?" त्यानंतर तिच्या तोंडून "सारखं" हा शब्द मी ऐकला नाही.

तेव्हा रकाने तीन कर. तेच, तसंच, आणि दोन्ही नाही.

मी बाजू घेईन म्हणतेस. दोन कागद बघितल्यावरच कुणी काय आणलं ते मला कळलं. तुझी रंगवाली अगदीच बावळट आहे. तपकिरी झग्याच्या कापडाला तिनं तपकिरी चादर आणून दिली. उन्हानं उडालेल्या नमुन्याला तर उन्हानं उडालेलं जे जे होतं ते सगळं आणलं.

आणि नावांना हसू नकोस. "म्हातारीचे केस" म्हटलं की खोलीतल्या सगळ्या जणी एकाच कपाटाकडे वळायच्या. नाव ठेवणं हीसुद्धा शोधायची पद्धत आहे. तिलाही तुलनेत घे, आणि मग सांग उपयोग शून्य की काय ते.

तुझ्या आईला सांग, ती माझ्यावर रागावलेली नाही, मी तिच्यावर रागावले आहे. मला कारण आठवतं.

मावशी


२३ जानेवारी

प्रिय मावशी,

तीन रकान्यांचे नवे कागद पाठवते आहे. तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जावेचा नवरा वाचून हसले, आणि तिसऱ्यांदा माझं सगळं काम पुन्हा मांडायला घेतलं.

घाईसाहेबांशी झालेलं बोलणं जसंच्या तसं देते.

"एक रकाना वाढला की एक महिना वाढतो."

"रकाना मावशीनं वाढवलाय, साहेब."

"मग तिला सांगा कमी कर म्हणून. ती कुणाच्या हाताखाली आहे?"

"कुणाच्याच नाही. अडचण तीच आहे."

मोजमाप कसं करते तेही सांगून ठेवते, नाहीतर विचारशीलच. बाजारात पाठवलेल्या माणसाचं करतो तसंच. पिशवीत नको ते किती आलं, आणि हवं होतं त्यातलं राहून किती गेलं. काही पद्धती पिशवी भरभरून आणतात, त्यात निम्मा कचरा. काही दोनच जिनसा आणतात, पण अचूक. कुठली चांगली, हे कशासाठी पाठवलं होतं त्यावर ठरतं. आणि कशासाठी पाठवलं होतं तेच आम्ही धड सांगितलं नव्हतं, हे तुझ्यामुळे कळलं.

तुमची नावं पाचवी पद्धत म्हणून घेतली आहेत. नमुने चिकटवलेल्या पुठ्ठ्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या वाचता वाचता डोळे गेले. "पळालेली पोळपाटं" हे नाव कुणी ठेवलं होतं?

तुझी,
चिंगी


११ फेब्रुवारी

चिंगे,

पोळपाटं माझीच. ती नक्षी बघितलीस तर दुसरं नाव सुचणार नाही.

सगळे कागद भरून झाले. रोज सकाळी खिडकीपाशी बसून केले, दिव्याखाली एकही नाही. मत मागितलेलं नसलं तरी देते.

तुमची नवी लाडकी हुशार आहे, पण गावगप्पांमधल्या बाईसारखी. गुलाब दाखवला की गुलाब, मासा दाखवला की मासा, कुठून कुठून गोळा करून आणते. "तसंच"चा रकाना तिनं भरून टाकला. पण आपलाच गुलाब पिवळ्याचा जांभळा झाला की तिला ओळख पटत नाही, आणि परक्यांचा पिवळा गुलाब ती आधी पुढे करते. कडा बघणारी तुमची जुनी पद्धत मुखदुर्बळ आहे. थोडंच आणते. पण रंग बदललेला असला तरी "तेच" बरोबर हुडकते. मला ती आवडली.

एका ठिकाणी मात्र तिनंही घोटाळा केला आहे. "चढती वेल"च्या कागदावर तिनं "लोंबती वेल" आणून ठेवली. चढती वेल आमची, गर्द निळ्यावर पांढरी, वर जाणारी. लोंबती वेल फिक्या कापडावर तांबडी, खाली ओघळणारी. ती परक्या गिरणीनं आमच्यावरून उचललेली, नकलांच्या कपाटातली. मी "तसंच"वर खूण केली आहे आणि ती दोनदा गिरवली आहे, म्हणजे शंका नको.

आता दुसरी गोष्ट. काल आमचे रंगारीकाका आले होते, गिरणीतले. त्यांच्या पुतण्याचा चिंध्यांचा धंदा आहे. तुमच्या गोदामातलं सगळं नमुन्यांचं कापड यंत्रं पुसायच्या चिंध्यांसाठी काढणार असल्याचं त्यांनी सांगितलं. फोटो सापडायला लागले की कापडाचं काम संपलं, असं तुमच्याकडचा माणूस पुतण्याला म्हणाला.

तुला हे माहीत होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिही. भरलेले कागद माझ्या कपाटात आहेत आणि उत्तर येईपर्यंत तिथेच राहतील.

मावशी


१७ फेब्रुवारी

मावशी,

हो.

एवढंच लिहायला सांगितलंस, पण तेवढ्यावर मी थांबणार नाही. पहिल्या पत्रापासून माहीत होतं. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू एकही खूण केली नसतीस.

आता माझंही ऐक. तू ते गोदाम बघितलेलं नाहीस. छप्पर गळतं. कसर लागली आहे. पुठ्ठ्याला खळीनं चिकटवलेल्या कापडावर झुरळं पोसली गेली आहेत, आणि ती खळ तुमचीच, आमची नाही. मी पाच-सहा पुठ्ठे उघडले तर हातात भुसा आला. फोटोला कसर लागत नाही. मला वाटलं, निदान चित्र तरी वाचेल. हे मला अजूनही वाटतं. तू म्हणशील म्हणून मी ते गिळणार नाही.

पण काम करता करता मन थाऱ्यावर राहिलं नाही, हेही खरं. म्हणून एक उपाय सांगते. पद्धत चांगली ठरली तरच गोदाम रिकामं होणार. आणि चांगली ठरवणारी तू एकटी आहेस. तू कागदांवर वाटेल तिथे उलट्या खुणा केल्यास तर चारही पद्धती नापास होतील. तपासणारं कुणी नाही. मी बघितलं तरी बोलणार नाही. कापड राहील.

हे मी एकदाच लिहिते आहे. वाचून पत्र फाडून टाक.

चिंगी


२५ फेब्रुवारी

चिंगे,

पत्र फाडलेलं नाही. फाडावं असं मी काही करत नाही.

लबाडी करून वाचवलेलं कापड मला नको. नमुनेखान्यात मालकांचा जावई एकदा माझ्यापुढे उभा होता. म्हणाला, "बाई, या एका पुठ्ठ्यावर 'तेच' लिहा, एवढं काय बिघडतं?" मी चिठ्ठी लिहायची दौत त्याच्या पुढ्यात सरकवली आणि म्हटलं, "तुम्ही लिहा, तुमच्या सहीनं." त्यानं लिहिलं नाही. त्याला नाही म्हटलं ते तुला हो म्हणायला नव्हे. कापडाबद्दल खरं बोलणारं कुणी राहिलं नाही तर मग कापड ठेवून करायचंय काय? यंत्रं पुसलेली बरी.

भरलेले कागद सोबत आहेत. एकही खूण बदललेली नाही. तुझी लाडकी पास होत असेल तर होऊ दे.

कसरीबद्दल बोललीस ते बरं केलंस. खळ आमचीच, आणि ती चूकच होती. पण घरातल्या म्हातारीला खोकला झाला म्हणून तिचा फोटो काढून तिला दाराबाहेर ठेवत नाहीत.

आता एक काम कर. वेलींचे ते दोन्ही पुठ्ठे गोदामातून काढ आणि कापड सोडवून मागची बाजू बघ. गिऱ्हाइकाला दाखवायच्या नमुन्यावर जाळीतला दोष दिसू नये म्हणून मुली पुढच्या बाजूनं ब्रश फिरवून तो झाकायच्या. मागून कुणी झाकत नसे. जाळीचा खरा चेहरा मागे असतो, आणि तुमचे सगळे फोटो पुढून काढलेले आहेत. मागून बघितलंस की दोन वेगळ्या जाळ्या आहेत हे तुला दिसेल, आणि कडावालीची चूक पुराव्यासकट मांडता येईल. कापड ओढू नकोस. खालून वाफ दे, आपोआप सुटेल.

मावशी


१० मार्च

प्रिय मावशी,

हे पत्र चार वेळा सुरू करून टाकलं. सरळच लिहिते.

गोदामाच्या राखणदाराकडून चहाची किटली मागून घेतली आणि दोन्ही पुठ्ठ्यांना तिच्या तोटीची वाफ दिली. तो म्हणाला, "बाई, कापडाला सर्दी झाली का?" निळी वेल लगेच सुटली. फिकीला वेळ लागला. दोन्ही उलटी करून उजेडात शेजारी ठेवली. जुळेनात. मग राखणदारच म्हणाला, "त्यातलं एक डोक्यावर उभं आहे की." फिकं कापड मी फिरवून ठेवलं, खालचं वर.

मावशी, ती एकच जाळी आहे.

दोन्हींच्या मागे तिसऱ्या वळणावर एक पान मोडलेलं आहे, अगदी तेच, टोक तुटून बाजूला एक ठिपका. पुढच्या बाजूला निळ्यावर कुणीतरी त्या जागी कळी काढली आहे आणि फिक्यावर पान लांबवून नेलं आहे. म्हणून पुढून दोन्ही निराळी दिसतात. फिक्या तुकड्याला वरची बाजू सांगणारा काठ नव्हता, त्यामुळे तो उलटा चिकटवला गेला. उलटा चिकटवल्यावर वेल लोंबायला लागली, लोंबायला लागल्यावर तिला वेगळं नाव मिळालं, आणि नाव मिळाल्यावर कुणी तिला फिरवून बघितलंच नाही.

कडावालीला वर-खाली कळत नाही. मी तिला तसंच बनवलंय. म्हणून ती फसली नाही. नवी लाडकी फसली, तिच्या जगात वर ते वर आणि खाली ते खाली. तुमची नावं फसली. आणि तू.

घाईसाहेबांना कळलं. त्यांचा आनंद विचारू नकोस. म्हणाले, "तुमच्या जाणकार बाईच चुकल्या. मग त्यांचे तीन रकाने कशाला? काढून टाका. आपला एकच रकाना बरा, सारखे आहे किंवा नाही." एकच रकाना ठेवला की लाडकी पहिली येते आणि गोदाम रिकामं होतं. महिनाअखेरीस कंपनीच्या मालकीणबाईंसमोर बैठक आहे. वेलींचा तो एक कागद मी गाळू का? तेवढा गाळला तर तुझ्या बाकीच्या खुणांवर बोट ठेवायला कुणाला जागा उरत नाही. हे खोटं नाही, नुसतं न सांगणं आहे.

चिंगी


१६ मार्च

चिंगे,

गाळायचा नाही. तोच कागद पहिला ठेव.

मी चुकले. मोठ्या अक्षरांत लिही, माझ्या हुद्द्यासकट. खूण दोनदा गिरवली होती हेही लिही. पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही, दुसऱ्या दिवशी दोन वेळा जेवले. झालं.

पण तुझ्या साहेबांना विचार, मी चुकले हे तुम्हाला कुणी सांगितलं? फोटोनं सांगितलं का? लाडकीनं? एक पद्धत एक म्हणत होती, दुसरी दुसरं, आणि मी तिसरीकडे बसून खूण गिरवत होते. भांडण मिटवलं ते कापडानं. तेच चिंध्यांत गेलं असतं तर माझी चूक कायमची खरी ठरली असती, आणि साहेबांना आनंद करायला काही मिळालं नसतं.

जिथे जिथे तुझ्या पद्धतींचं आपसात जुळत नाही, ते सगळं शोधून काढ. बैठकीत ताठ उभी राहून वाच. आवाज बारीक काढशील तर मी तुला ओळखणार नाही.

मावशी


२ एप्रिल

प्रिय मावशी,

वाचलं. आवाज बारीक नव्हता, आई म्हणते अजून घसा बसलेला आहे.

बैठकीत मालकीणबाई, त्यांचे वकील, घाईसाहेब आणि मी. बैठकीच्या आधी घाईसाहेबांनी जिन्यात अडवलं. "वेलींचा कागद काढा." मी म्हटलं, "काढत नाही." "हा माझा हुकूम आहे." "मग तुम्ही वाचा, साहेब, मी खाली बसते." ते वाचणार कसे? त्यांनी अहवाल उघडूनही बघितला नव्हता.

मी पहिला कागद तोच लावला. तुझी चूक, मोठ्या अक्षरांत. मग दोन्ही कापडं टेबलावर उलटी टाकली. मालकीणबाईंनी स्वतःच्या हातानं फिकं कापड फिरवलं, पान बघितलं, ठिपका बघितला. मग मी तुलना मांडली. तसंच हवं असेल तर नवी पद्धत, बिनविरोध. तेच हवं असेल तर जुनी कडावाली पुढे. रंगवाली दोन्हीकडे मागे. तुमची नावं मधोमध, आणि हे ऐकून घाईसाहेब हसले ते मी सोडून दिलं. आणि शेवटी, जिथे पद्धतींचं एकमेकींशी जुळत नाही त्या जोड्या. मावशी, त्या ढीगभर आहेत.

घाईसाहेब म्हणाले, "सोपं आहे. मागच्या बाजूचेही फोटो काढू आणि मग कापड टाकून देऊ."

मी म्हटलं, "काढू. पण फोटो काढणाऱ्याला जेवढे प्रश्न सुचतात तेवढ्यांचीच उत्तरं फोटोत असतात. गेल्या वर्षी कुणालाच मागची बाजू सुचली नव्हती. पुढच्या वर्षी धागा सुचेल, नाहीतर शाई. तेव्हा कुणाला उलटं करणार?"

घाईसाहेब म्हणाले, "हे भावनेचं बोलणं झालं."

तेव्हा वकील पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "उद्या कुणी ही वेल आपली आहे म्हणून दावा लावला तर मी कोर्टात काय ठेवू? संगणकाला सारखं वाटलं म्हणून सांगू?" मालकीणबाई उठल्या. म्हणाल्या, "कापड राहू दे," आणि गेल्या.

चिंध्यांचं काम रद्द. छपराची दुरुस्ती मंजूर झाल्याचं ऐकते आहे, बघितल्यावर लिहीन.

संध्याकाळी माझ्या टेबलावर कागद आला. माझं नाव अहवालावरून काढलं आहे, आणि माझी बदली गोदामात. घाईसाहेब म्हणाले, "कापडाचा एवढा पुळका आहे ना, बसा तिथे. न जुळणाऱ्या सगळ्या जोड्या उलटून बघा. संपल्या की वर या." माझ्याबरोबरची दोघं जण हसली. एकानं केराच्या टोपलीतून एक चिंधी काढून मला दिली.

आई रडली. "संगणकावर बसणारी माझी मुलगी आता झुरळं झटकणार." मी राजीनामा लिहून ठेवला होता. तो दिला नाही. का दिला असता? माझं काय चुकलं? पण मावशी, आज गोदामात एकटी बसले तर वाटलं, जिंकले की हरले तेच कळत नाही.

तुझी,
चिंगी


९ एप्रिल

चिंगे,

राजीनामा तुकडे करून टाक. ते मात्र फाडण्याजोगं आहे.

जिंकलीस की हरलीस, हे बसून मोजत राहायला तुला पुढे पुष्कळ वर्षं आहेत. आत्ता काम आहे. तुझ्या साहेबांना वाटतं जोड्या संपतील. मला त्यांची कीव येते. पुढच्या वर्षी आणखी नवी पद्धत येईल, ती तुझ्या आजच्या लाडकीशी भांडेल, आणि प्रत्येक भांडण तुझ्याच टेबलावर येईल. त्यांनी तुला अडगळीत टाकलं असं त्यांना वाटतंय. जिथे शेवटचा शब्द ठरतो तिथे त्यांनी तुला स्वतःच्या सहीनं बसवलंय. त्यांना हे कळायच्या आत बस्तान बसव.

तुझ्या आईशी बोलले. म्हणाली, "पोरीला शिक्षा झाली गं." मी म्हटलं, "चुकले मी. मला कुणी खोलीतून बाहेर काढलं नाही. ती बरोबर होती, तिला काढलं. याला शिक्षा म्हणत नाहीत, याला घाबरणं म्हणतात." ती म्हणाली, "तू लहानपणापासून अशीच आहेस." मी म्हटलं, "हो." आमचं आता बोलणं सुरू झालं आहे, एवढा तुझ्या बदलीचा फायदा.

मी येते आहे. तुझ्या मदतीला नाही. माझ्या नावावर एक चुकीची खूण आहे, आणखी किती आहेत ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं आहे. सापडतील त्या सगळ्या मी स्वतः खोडीन आणि शेजारी सही करीन. रंगारीकाकाही निघाले आहेत. शाई बघून जाळीचं वय सांगीन म्हणतात. खोटं सांगतील तेव्हा मी गप्प बसणार नाही, हे त्यांना माहीत आहे आणि तरी येताहेत.

कुणी विचारलं, या बाई कोण, यांना आत कुणी सोडलं, तर तू मध्ये पडू नकोस. मी त्या खोलीत पहिल्यांदा शिरले तेव्हाही लोक हेच विचारत होते.

सोमवारी सकाळी पोचते. गोदामाची किल्ली साहेबांकडे असेल तर आत्ताच मागून घे. मागून मिळाली नाही तर कळव. मी मागते.

मावशी